बिनकडीचं पदक

निवृत्त पोलीस भेटला की लोक त्याला खून विचारतात, नाहीतर दरोडा. दोन्ही माझ्या पोतडीत आहेत. पण एकटा बसलो की मला आजही आठवते ती एक पितळेची चकती, बंद्या रुपयाहून जराशी मोठी. तिच्यापायी मी एका इमानदार माणसाला ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं, आणि माझ्या साऱ्या नोकरीतला सर्वांत अभिमानाचा दिवसही तिनंच मला दाखवला. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं आज नाहीत, आणि त्यांच्या नातवंडांच्या दारात उगाच कुणी चौकशीला जायला नको.

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच उस्मानाबादेपासून वेगळा झाला होता. कार्यालयांना इमारती नव्हत्या, इमारतींना खुर्च्या नव्हत्या आणि खुर्च्या होत्या तिथं साहेब यायचे होते. आमचं जुनं दप्तर अजून उस्मानाबादेत अडकलेलं. एखादा कागद हवा असेल तर शिपायाला एसटीनं पाठवायचं आणि तो रिकाम्या हातानं परत येईपर्यंत वाट पाहायची. त्यातच पावसानं पाठ फिरवलेली. माझं ठाणं औसा तालुक्यात. ठाण्यातली निम्मी माणसं टँकरच्या बंदोबस्ताला, उरलेली दुष्काळी कामांवरची भांडणं सोडवायला. मी मूळचा भोकरचा, म्हणजे नांदेडकडचा. फौजदार म्हणून जुना झालो होतो, पण या भागात नवा होतो, आणि आमचे जमादार मला ते विसरू देत नसत.

अशात एक दिवस सकाळी लातूरचे एक कापडव्यापारी ठाण्यात आले. लिंगायत समाजातले प्रतिष्ठित गृहस्थ, कपाळावर भस्म, धोतराची घडी न मोडलेली. सगळे त्यांना अप्पा म्हणत, मीही तेच म्हणतो. अप्पांना एक नाद होता, लढायांची पदकं जमवण्याचा. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी काचेची कपाटं करून घेतली होती. पदक विकत घेताना ते विकणाऱ्याला समोर बसवून, चहा पाजून, ज्याचं पदक त्याची सगळी हकीकत काढून घेत. कोण होता, कुठं लढला, परत आला की नाही. हकीकत नसलेलं पदक त्यांच्या लेखी भंगार होतं.

अप्पांनी रुमालाची गाठ सोडून एक पदक माझ्या टेबलावर ठेवलं. पितळेचं. एका बाजूला शिपायाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला डोंगराची रेघ आणि खाली देवनागरीत ‘बर्मा’. वर एक कडी आणि कडीत रंगीत फीत.

“फौजदारसाहेब, ही वस्तू खोटी हाय,” अप्पा म्हणाले.

“सोन्याची नाही एवढं मलाही दिसतंय.”

“थट्टा करू नका. सरकारी पदक कसं असतंय ते मला पाठ हाय. आता पलटणीतली जुनी माणसं, एखादं गाव, आठवण म्हणून आपल्या पदरचं पदक पाडून घेतात. ते सरकारी नसतंय, पर त्यात लबाडीबी नसती. तसली माझ्याकडं डबाभर हायत, मी त्येंना हात जोडतो. पर आठवणीचं पदक सरकारी फितीवर कुणी मिरवीत न्हाई. ह्येला बघा. कडी हाय, कडीत फीत हाय, अन् फीत खऱ्या पदकाची. पाडणाऱ्याच्या मनात काय हाय ते सरळ दिसतंय.”

“विकलं कुणी?”

“एक फिरता माणूस होता, तुमच्या औशाकडचाच म्हणला. चुलत्याचं म्हणला. मी विचारलं, चुलता बर्म्याहून आला कसा? तर म्हणला, रेल्वेनं. मी तवाच वळखलं, पर वस्तू हातची जाऊ नये म्हणून घेऊन ठेवली.”

अप्पांचा राग खरा होता. त्यांच्या कपाटातल्या खऱ्या शिपायांचा हा अपमान आहे, असं त्यांना वाटत होतं. मी तक्रार घेतली, पदक ताब्यात घेतलं आणि अहवाल वर पाठवला. एरवी असला अहवाल महिनाभर धूळ खात पडला असता. पण नव्या जिल्ह्यात माजी सैनिकांसाठी भूखंड राखून ठेवले होते आणि कधी बंदूक न पाहिलेले लोकही छाती पुढं काढून अर्ज करत होते. आमचे उपअधीक्षक दुसऱ्याच दिवशी जीप घेऊन आले. कडक माणूस, इस्त्रीचा शौकीन, हसताना कुणी पाहिलेला नव्हता.

“हा पदकांचा कारखाना आहे,” ते म्हणाले. “पाडणारा शोधा. जेवढी पदकं वाटली असतील तेवढी जप्त करा. पंधरा ऑगस्टच्या आत.”

खबर मिळायला फार फिरावं लागलं नाही. स्टँडसमोरचा हॉटेलवाला ठाण्याचा जुना खबऱ्या. कपबशा विसळत, माझ्याकडं न बघता तो म्हणाला, “साहेब, तुम्ही जे हुडकून राहिले ते सुभेदारआबाच्या पेटीत हाय. पर म्या सांगितलं म्हणू नका. लोक माझ्या हाटेलात पाय ठेवणार न्हाईत.”

सुभेदारआबा म्हणजे ठाण्यापासून तासाभराच्या वाटेवरच्या एका गावातले निवृत्त सुभेदार. साठी ओलांडलेली, पण पाठ ताठ. पोरवयात, दुसऱ्या महायुद्धात, बर्म्याच्या लढाईत होते, पुढं देश स्वतंत्र झाल्यावर सरहद्दीवरही लढले. पंचक्रोशीत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. खबऱ्या कामून घाबरत होता ते मला त्या गावात पोचल्यावर कळलं. जीप थांबली आणि पारावरची माणसं उठून उभी राहिली. आमच्यासाठी नव्हे, तर आम्ही कुणाच्या दारात थांबलो ते पाहण्यासाठी.

आबांनी पेटी स्वतः उघडली. वर घडी घातलेला गणवेश, त्याच्या डाव्या छातीवर त्यांची स्वतःची सरकारी पदकं ओळीनं. तळाशी कापडात गुंडाळलेला एक लोखंडी ठसा. त्यात तोच शिपाई, तोच डोंगर, तेच ‘बर्मा’. झडतीला बरोबर घेतलेल्या पंचांनी एकमेकांकडं पाहिलं.

“हा ठसा कुणाचा?” मी विचारलं.

“माझा.”

“यावर पदकं पाडली?”

“पाडली.”

“कुणाकुणाला दिली?”

आबांनी टाचा जुळवल्या, नजर माझ्या डोक्यावरून भिंतीला लावली आणि आपलं नाव, हुद्दा आणि पलटणीतला नंबर सांगितला. मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाव, हुद्दा, नंबर. शत्रूच्या हाती सापडलेल्या शिपायानं एवढंच बोलायचं असतं, हे मला माहीत होतं. मराठवाड्यातल्या एका फौजदाराला कुणी शत्रूच्या जागी उभं करील, हे मात्र मी कधी मनात आणलं नव्हतं. मला राग आला आणि खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं.

आबांना ठाण्यात आणलं. अटक केली नाही, रोज सकाळपासून चौकशीसाठी बसवून ठेवलं. चौकशीत माणसं कशी वागतात ते मला थोडंफार कळतं. लबाड माणूस आधी चहा मागतो, मग पाणी मागतो, मग मोठ्या माणसांची ओळख सांगतो. गप्प राहणाराही बहुधा स्वतःसाठी गप्प राहतो, आणि त्याला सुटकेचं दार किलकिलं करून दाखवलं की बोलतो. आबांना मी तेही दार दाखवलं. म्हटलं, “आबा, घरं सांगा. मी साहेबांना सांगून तुमच्यावरचं कलम सौम्य करतो.”

आबा पहिल्यांदाच हसले. “कलम मला लावा. घरं न्हाई सांगणार.”

“कामून?”

“सांगितली तर तुम्ही जाऊन घेऊन येताल.”

आणि पुन्हा नाव, हुद्दा, नंबर. आमचे जमादार कोपऱ्यात बसून जबाब लिहीत होते. त्यांनी कंटाळून कागदावर नुसतं ‘वरीलप्रमाणे’ लिहायला सुरुवात केली.

मग मी माणसं पाठवून आजूबाजूच्या गावांत चौकशी केली. घरोघर विचारलं, सुभेदारानं दिलेला लढाईचा बिल्ला आहे का? सगळीकडं एकच उत्तर, न्हाई. संशय होता त्या घरांत पेट्या उघडल्या, कणग्या पाहिल्या, खुंटीवरचे कोट चाचपले. काही हाती लागलं नाही. विशेष म्हणजे माणसं खोटं बोलत आहेत असंही कुणाच्या तोंडावरून वाटलं नाही. मी पोलिसी खाक्यात इतका मुरलेला होतो, तरी मलाही वाटलं नाही. इकडं साहेबांचा निरोप आला की पदकं मिळोत न मिळोत, ठसा मिळालेला आहे, सुभेदारावर गुन्हा नोंदवा.

निरोप आला त्याच दुपारी एक म्हातारी ठाण्यात आली. जमादारांनी तिला पाहताच कपाळाला हात लावला.

“आली. हिचं आता चौथ्यांदा,” ते माझ्या कानाशी कुजबुजले. “देव उजळणाऱ्यानं टाक नेला म्हणते.”

टाक म्हणजे काय ते आजच्या वाचकाला सांगायला हवं. आपल्याकडं देव्हाऱ्यात देवाचा किंवा घरातल्या गेलेल्या माणसाचा ठसा उठवलेला धातूचा पत्रा ठेवतात, तो टाक. घरातला कुणी लढाईत पडला, तर त्याचाही टाक करतात आणि त्याला वीर म्हणतात. सणासुदीला त्याला आंघोळ, हळद, नैवेद्य, सगळं देवासारखं. आणि लग्नकार्याच्या आधी हे टाक उजळायला देतात. म्हातारीच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. एक फिरता उजळणारा दारावर आला, तिनं सगळे देव त्याच्यापुढं ठेवले. चिंच लावून, घासून त्यानं ते चकाचक करून दिले, पण त्यातला एक कमी होता. मातीत पडला असेल, उद्या हुडकून देतो, म्हणाला आणि गेला तो गेलाच. जमादारांनी डायरीत नोंद घेतली होती, पण पितळेचा एक टाक शोधायला टँकरवरची माणसं काढून कोण देणार?

म्हातारी तक्रार सांगायला माझ्या टेबलापाशी आली आणि बोलता बोलता थांबली. टेबलावर अप्पांचं पदक होतं, साहेबांकडं पाठवायचं म्हणून काढून ठेवलेलं. तिनं चपला मागच्या मागं सोडल्या, पदर सारखा केला आणि वाकून त्या पदकाला हात जोडले.

“ह्यो हाय की हितं,” ती म्हणाली. “माझा वीर.”

“आजी, नीट बघा. हा लढाईचा बिल्ला आहे.”

“बिल्ला कसला? माझा मालक हाय ह्यो. नाकाकडं बघा, हळद लावून लावून झिजलंय. म्या लावलीय ती हळद.” मग तिचं लक्ष वर गेलं आणि ती चिडली. “अन् ह्येच्या डोक्यात ही कडी कुणी घातली? बैलाला वेसण घालावी तशी?”

मी पदक उचलून उजेडात धरलं. जे मला इतके दिवस दिसलं नव्हतं ते आता दिसलं. कडीचा डाग, म्हणजे झाळलेला सांधा, पांढरा होता, पदकाचं पितळ जुनं आणि लालसर. कडी मागाहून जोडली होती. बाकावर बसलेले आबा उठून उभे राहिले होते आणि आता ते भिंतीकडं पाहत नव्हते.

“वहिनी,” ते म्हणाले, “तुमचा गेला ते मला कामून सांगितलं न्हाई?”

“तुमाला काय तोंडानं सांगू भावजी? तुम्ही आणून दिलेला, अन् म्या सांभाळला न्हाई.”

त्यानंतर आबा बोलले. जमादारांनी ‘वरीलप्रमाणे’ खोडलं आणि नवा कागद घेतला.

त्या मोठ्या लढाईच्या वेळी हा सगळा मुलूख निजामाचा. या गावांतली दहा-बारा पोरं हद्द ओलांडून सोलापूरकडं चालत गेली आणि इंग्रजी पलटणीत भरती झाली. बर्म्यात एकाच डोंगरावर त्यातली बहुतेक पडली. आबा वाचले. परत आल्यावर ते एकेका घरी गेले. पोस्टानं काही आलं नव्हतं. जे कागद निघाले ते रियासतीच्या पत्त्यावर निघाले, आणि थोड्याच वर्षांत रियासत राहिली नाही. पुढं राज्यं बदलली, आता जिल्हाही बदलला होता. घरं मात्र होती तिथंच होती.

“घरोघर मला एकच विचारलं,” आबा सांगत होते. “राख न्हाई, कापड न्हाई, फोटू न्हाई. मग वीर म्हणून देव्हाऱ्यात काय ठेवायचं? म्या औशाच्या सोनाराकडं ठसा करून घेतला. एकच चेहरा, सगळ्यांना. धातू ज्याच्या त्याच्या घरचा, कुणी तांब्या दिला, कुणी समई, एकीनं जोडवी दिली. अन् सोनाराला बजावलं, कडी ठेवायची न्हाई. सरकारनं दिलेलं न्हाई, मग सरकारी म्हणून छातीवर कसं लागंल? ज्येला कडी न्हाई ते मिरवताच येत न्हाई.”

“मग आबा, एवढं आधी सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही मुद्देमाल म्हणून उचलणार. त्या बायांचा माणूस एकदा गेलाय साहेब. दुसऱ्यांदा न्यायला म्या वाट दाखवू?”

घरोघर ‘न्हाई’ ऐकून आमची माणसं परत आली होती ती का, हे मला तेव्हा उमगलं. आम्ही बिल्ला विचारत होतो आणि त्या घरांत बिल्ला नव्हताच. त्यांच्या देव्हाऱ्यात त्यांचा माणूस होता. पेट्या उघडणाऱ्या शिपायांनी देव्हाऱ्याला लांबून नमस्कार केला होता आणि पुढं गेले होते.

उजळणाऱ्याला पकडायला माझं भोकर कामी आलं. हे फिरते लोक बाजार धरून चालतात. औसा, लातूर, मग नांदेड, आणि पुढं भोकरचा बाजार. भोकरच्या ठाण्यात माझे दोस्त होते. त्यांना वर्णन कळवलं आणि एका बाजारच्या दिवशी, चिंच आणि राखेची डबडी मांडून बसलेला असताना, तो अलगद हाती लागला. त्यानं फार ताणलं नाही. लातुरात एक अप्पा लढाईची पदकं चांगलं मोल देऊन घेतात हे त्यानं ऐकलं होतं. म्हातारीचा टाक पाहिला, शिपाई दिसला, उचलला. कडी त्यानंच डागली, फीत जुन्या बाजारातून मिळवली. चुलता तर त्यानं दुकानाच्या पायरीवर तयार केला होता. अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला.

“म्हंजे माझ्याच नादापायी एका देव्हाऱ्यात चोरी झाली म्हणा की,” ते म्हणाले.

मला वाटलं, संपलं. पण उपअधीक्षक तसे हलणारे नव्हते. ते म्हणाले, “एका पदकाला कडी चोरानं लावली, मान्य. बाकीच्यांना नाही कशावरून? मला प्रत्येक घर पाहायचं आहे. एकाही पदकाला कडी, भोक, फितीची खूण दिसली, तर सुभेदारावर गुन्हा आणि सगळी पदकं जप्त.” साहेबांचं चुकत नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

मी आबांपुढं सगळं मांडलं. त्यांनी ठशावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “दाखवतो. पर वीर जाग्यावरून हलणार न्हाई. अन् चामडं घालून कुणी आत येणार न्हाई.”

चामडं म्हणजे बूट, तसाच कमरेचा पट्टाही. आणि पट्ट्याशिवाय पोलिसाची वर्दी म्हणजे अर्धी वर्दी, आमच्याकडं त्याबद्दल शिक्षा होते. पहिल्या घराच्या उंबऱ्यापाशी आम्ही सगळे थांबलो. दारात एक बाई पदर खोचून उभी होती, तिच्या मागं घरची पोरंबाळं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी जमादारांकडं पाहिलं, जमादारांनी छपराकडं. शेवटी साहेबांनीच पट्टा सोडला, बुटांशेजारी नीट गुंडाळून ठेवला आणि एका हातानं पँट सावरत ते वाकून आत गेले. इस्त्रीचा तेवढा शौकीन माणूस, पण त्या दिवशी त्यांची ती अवस्था पाहून कुणाला हसू आलं नाही. जमादारांना आलं होतं, पण त्यांनी ते मिशीत जिरवलं.

पंच म्हणून गावची दोन माणसं, पारखायला अप्पा. अप्पांनी भिंग आणलं होतं. पहिल्या घरात तांब्याचं पदक निघालं, दुसऱ्यात पितळेचं, तिसऱ्यात चांदीचं, जोडव्यांचं. चेहरा एकच, पण प्रत्येक घरानं तो आपापल्या बोटांनी घासून वेगळा केला होता. एकाची हनुवटी गेलेली, एकाचे डोळे. कडा मात्र सगळ्यांच्या गुळगुळीत. तिसऱ्या घरात अप्पांनी भिंग खिशात टाकलं आणि हात जोडले. पुढच्या घरांतून त्यांनी ते काढलं नाही, नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

एका घरात मात्र आमचा जीव टांगणीला लागला. तिथल्या वीरावर हळद-शेंदराचा एवढा थर होता की कडच दिसेना. वरच्या बाजूला काही उंचवटा वाटत होता. साहेब म्हणाले, “धुवावं लागेल.” त्या गावात दोन दिवस टँकर आला नव्हता. घरातल्या सुनेनं सासऱ्याकडं पाहिलं, मग रांजणातून प्यायच्या पाण्याची वाटी भरून आणली आणि स्वतःच्या हातानं वीराला आंघोळ घातली. शेंदराचा खपला निघून आला. खाली कड साफ होती. आबा दाराबाहेर उभे होते, ते आत पाहतही नव्हते. त्यांना खात्री होती म्हणून, की बघवत नव्हतं म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर साहेबांनी पट्टा बांधला, टोपी घातली आणि पंचनाम्यावर सही केली. मिरवण्याचा वा फसवण्याचा हेतू दिसून येत नाही, पदक अंगावर लावण्याची सोयच नाही, सबब सुभेदाराविरुद्ध गुन्हा होत नाही. ठसा आबांना परत करण्याचा हुकूमही त्यांनी तिथंच जीपच्या बॉनेटवर लिहिला. चोरीचा गुन्हा उजळणाऱ्यावर राहिला.

आता म्हातारीचा वीर परत द्यायचा होता. कोर्टाचा हुकूम मिळवला, कडी काढून कड घासून घेतली आणि तिला ठाण्यात बोलावलं. तिनं अंगठा दिला, वस्तू पाहिली आणि हात मागं घेतला.

“असा पिशवीत न्हेऊ?” ती म्हणाली. “घरचा देव भाईर गेला तर वाजत आणावा लागतो. न्हाईतर त्यो घरात राहत न्हाई.”

“मग आणा वाजंत्री, आजी.”

“कुठून आणू? हलगीवाली समदी पोटामागं गेलीत, कुणी पुण्याला, कुणी कामावर. राहू द्या तुमच्याच कपाटात. पाऊसकाळ झाला की बघू.”

वीर पोलिसांच्या कपाटात, जप्त केलेल्या गावठी दारूच्या बाटल्यांशेजारी. मला ते पटेना. तेव्हा जिल्ह्याच्या मुख्यालयात पोलिसांचा बँड नुकताच उभा राहत होता. बँड कसला, सहा-सात जणांचा मेळ. पंधरा ऑगस्टसाठी संचलनाची एक धून त्यांनी बसवली होती, दुसरी अजून बसायची होती. मी उपअधीक्षकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

मग साहेब म्हणाले, “बँडला मोकळ्या जागेत सराव पाहिजेच आहे. कुठल्या गावात केला तरी चालेल.”

झेंडावंदनाच्या आदल्या सकाळी त्या गावच्या वेशीवर बँड उतरला. आबा गणवेशात आले, डाव्या छातीवर त्यांची सगळी सरकारी पदकं. हातात ताम्हन, ताम्हनात लाल कापडावर ते बिनकडीचं पदक. अप्पा लातुराहून पहिल्या एसटीनं आले होते आणि अनवाणी होते. ज्या घरांत आम्ही गेलो होतो त्या सगळ्या घरांची माणसं आली होती. ढोल वाजला, आबांनी पाऊल उचललं आणि एवढी वर्षं बर्म्याच्या डोंगरावर राहिलेला तो शिपाई सरकारी बँडच्या चालीवर आपल्या गावात शिरला. आम्ही मागून चालत होतो, सगळे पूर्ण वर्दीत. जमादारांनी बुटांना पॉलिश केलं होतं, आणि हे मी त्यांच्याबरोबरच्या नोकरीत पहिल्यांदा पाहिलं.

म्हातारी उंबऱ्यात उभी होती. एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. आबा तिच्यासमोर थांबले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, “वहिनी, घेऊन आलो.”

तिनं बूट काढलेल्या आबांच्या पायांवर पाणी घातलं. थोडं नाही, तांब्याभर. त्या दुष्काळात कुणी अरे म्हणालं नाही. मग तिनं पदकाला ओवाळलं, त्या झिजलेल्या नाकावर हळदीचं बोट टेकवलं आणि त्याच्याशीच बोलली.

“लई उशीर केला तुम्ही. चला घरात.”

कुणीतरी हुकूम दिला म्हणून नव्हे, पण आमच्यातल्या प्रत्येकाचा हात टोपीकडं गेला. साहेबांचा सर्वांत आधी. मला तेव्हा रडू आलं आणि ते लपवावंसं वाटलं नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं असं लोक विचारतात. मी एवढंच सांगतो की खोटं आणि बिनसरकारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तपास करणाऱ्यानं त्या कधी एक करू नयेत. खोटी वस्तू काहीतरी मिळवण्यासाठी केलेली असते. त्या घरांतल्या वस्तूंनी कुणाला काहीच मिळवून दिलं नव्हतं. त्यांनी फक्त माणसं धरून ठेवली होती, आणि हे काम सरकारनं करायला हवं होतं. पुढं मी कुठल्याही घरात झडतीला गेलो की आधी घरच्यांना विचारायचो, तुमच्या घरात जपण्यासारखं काय आहे? त्या एका प्रश्नानं मला अनेक गुन्हे उलगडून दिले, आणि दोन-तीन गुन्हे चुकीच्या माणसावर नोंदवण्यापासून वाचवलं.

आमच्या बँडचं पहिलं वादन दप्तरी पंधरा ऑगस्टचं, झेंडावंदनाचं म्हणून नोंदलं गेलं. ते खरं नाही. नव्या जिल्ह्याच्या पोलिसांनी आपली पहिली मानवंदना एका साध्या शिपायाला दिली, त्याच्या स्वतःच्या दारात, आणि ती देणाऱ्यांत मी होतो.